विषय : नाव कमी करणेबाबत

संगणक हे यंत्र अमेरिकेत जन्मले, जपान-तैवानात वाढले आणि आपल्याकडे मासिक हप्त्यांवर आले, असा सर्वसाधारण समज असला, तरी त्याच्या अंतरंगात थोडेसे डोकावलेल्या माणसाची अशी खात्री पटल्यावाचून राहत नाही, की या यंत्राची मूळ घडण एखाद्या जुन्या मुलकी कचेरीत, तलाठ्याच्या चावडीवर किंवा फार तर मामलेदाराच्या दफ्तरखान्यात झालेली असली पाहिजे. एखादी वस्तू खरोखरीच नष्ट करण्याचा त्याला जो मनस्वी तिटकारा आहे, तो सरकारी नोकरीत मुरलेल्या कारकुनालाच शोभावा. आपण मोठ्या तडफेने एक फाइल निवडतो, डिलीटची कळ दाबतो, 'नक्की ना?' या त्याच्या पृच्छेला ती पुरती न वाचताच होकार देतो आणि ती फाइल भूतलावरून नाहीशी झाली अशा समाधानात चहाला उठतो. इकडे यंत्राने आपल्या नोंदवहीत त्या फाइलीच्या नावावर एक बारीकशी खूण केलेली असते, तिने अडवलेली जागा 'पड' म्हणून दाखवलेली असते, आणि वही मिटून ठेवलेली असते. मजकुराला कोणी हात लावलेला नसतो. सातबाऱ्यावरून नाव कमी झाले म्हणून जमीन उचलून कोणी नेत नाही. तिच्यावरचे बांध, बाभळी आणि भांडणे जागच्या जागी असतात, फक्त त्या जमिनीचा धनी कोण हे कागदावर कुठे दिसत नाही, इतकेच.

ज्यांना हे अतिशयोक्त वाटेल त्यांनी एक नित्याचा अनुभव आठवून पाहावा. तीन तासांचा चित्रपट पेनड्राइव्हवर चढवताना ती हिरवी पट्टी इतक्या सावकाश सरकते की तेवढ्यात माणसाची दाढी करून होते, आणि तोच चित्रपट काढून टाकायचा म्हटला की डोळ्याचे पाते लवण्याआधी काम फत्ते! आठशे पानांचे दफ्तर नकलून घ्यायला लागणारा वेळ आणि त्याच्या नोंदीवर काट मारायला लागणारा वेळ यांत जे अंतर, तेच हे. पेनड्राइव्हवर बहुधा फॅट नावाची जी व्यवस्था नांदते, तिचा उगम १९७७ सालचा आहे. सगळी जागा सारख्या आकाराच्या गटांत वाटलेली, कोणत्या फाइलीचा पहिला गट कोणता आणि त्याच्यामागून कोणता, याची साखळी एका तक्त्यात मांडलेली, आणि नावनिशी वेगळ्या यादीत. फाइल रद्द करायची म्हणजे यादीतील नावाचे पहिले अक्षर खोडून त्या जागी 'ई-५' हा संकेत घालायचा आणि तक्त्यातील साखळीच्या जागी शून्ये मांडायची, की प्रकरण दाखल दफ्तर झाले. या तक्त्याच्या दोन प्रती ठेवण्याची दूरदृष्टी मूळ रचनाकारांनी दाखवली हे खरे. परंतु फेरफार दोन्ही प्रतींत एकदमच होत असल्यामुळे अशा प्रसंगी दुसऱ्या प्रतीचा उपयोग शून्य. अस्सल आणि नक्कल एकाच कपाटात, एकाच वाळवीच्या स्वाधीन करण्याची ही रीत आपल्या ओळखीची आहे.

त्या ई-५ने पुढे एक घोटाळाही केला. जपानी लिपीतील काही अक्षरांच्या संकेताचा आरंभच नेमका ई-५ने होत असल्याने, ज्यांचे नाव अशा अक्षराने सुरू होते त्या धडधाकट फाइली यंत्राच्या लेखी मृत ठरण्याची पाळी आली, आणि अखेर त्यांच्यापुरता निराळा आकडा नेमून त्यांना जिवंत राखावे लागले. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला घेऊन बँकेत उभ्या राहणाऱ्या पेन्शनरांना यात नवल वाटण्याचे कारण नाही.

रद्द झालेले परत आणण्याची विद्या लोकांच्या हाती देण्याचे श्रेय पुष्कळ अंशी पीटर नॉर्टन या अमेरिकन गृहस्थाकडे जाते. त्यांच्या हातून एकदा एक फाइल चुकून रद्द झाली; अशा वेळी चार शिव्या हासडून ती पुन्हा लिहून काढावी हा मनुष्यस्वभाव, पण त्यांनी ती तबकडीवरून उकरून काढणारा प्रोग्रॅमच लिहिला, आणि १९८२ साली तो 'नॉर्टन युटिलिटीज'च्या संचात बाजारात आला. १९९१ साली मायक्रोसॉफ्टच्या डॉस ५.० या प्रणालीबरोबर 'अनडिलीट' ही आज्ञाच घरोघर पोचली, आणि तिचा रिवाज मोठा हृद्य होता. फाइल सापडली आहे, आकारमान सापडले आहे, तारीख-वेळ सापडली आहे, नावाची बाकीची अक्षरेही जिभेवर आहेत. पहिले अक्षर तेवढे आठवत नाही, ते आपण कृपा करून सांगावे, असे ते यंत्र चक्क विचारीत असे. त्या एका प्रश्नापुरते तरी ते वडीलधारे वाटे.

या नॉर्टनसाहेबांविषयी दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. पहिली अशी, की संगणकाच्या धंद्यात नाव काढण्यापूर्वी, १९७०च्या दशकात, त्यांनी काही वर्षे एका झेन बौद्ध मठात घालवली होती. आणि दुसरी अशी, की त्यांच्या पुस्तकांवर नि खोक्यांवर त्यांचे जे छायाचित्र छापलेले असे, त्यात ते सदऱ्याच्या बाह्या सावरून, हाताची घडी घालून उभे असत. लोकांना ती जाहिरातीची ऐट वाटली. माझ्या मते तो उपचाराचा सारांश होता. आपल्या प्राथमिक शाळांतून 'हाताची घडी, तोंडावर बोट' या दोन चरणांत जे शिक्षण दिले जाते, तेच डिलीट झालेल्या फाइलीच्या संदर्भात आद्य, मध्य आणि बहुतांशी अंतिम औषध आहे. पड म्हणून दाखवलेली जागा यंत्र कोणत्या क्षणी दुसऱ्याच्या नावे करील याचा नेम नसतो. आपण काही लिहू लागलो, काही उतरवून घेतले, एखादा नवा प्रोग्रॅम बसवला, की त्याच गटांवर नवी पेरणी होते आणि मग मात्र जुने पीक कोणत्याही विद्येने उगवत नाही. म्हणून काही करायचे नाही. आणि संकटसमयी काही न करणे ही एकच गोष्ट अशी आहे की जी मराठी घरात, विशेषतः चार शेजारी जमले असता, कोणालाही साधलेली नाही.

याचे प्रात्यक्षिक मला आमच्या शेजारच्या रावसाहेबांच्या घरी, अगदी पुढच्या रांगेत बसून पाहायला मिळाले. रावसाहेब म्हणजे मामलेदारीतून निवृत्त झालेले गृहस्थ. निवृत्तीनंतर लोक योगासने करतात, बागकाम करतात, काही दुर्दैवी माणसे काव्याकडे वळतात. रावसाहेबांनी आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत सिद्ध करण्याचा संकल्प सोडला. कोकणातून घाटावर आलेला मूळ पुरुष, त्याच्यापासून फुटलेल्या थोरल्या, मधल्या आणि धाकट्या पाती, गोत्र, प्रवर, कुलदैवत, कोणी कुठे कारकुनी केली, कोणाला कुठले इनाम मिळाले आणि ते कोणत्या साली खालसा झाले, या साऱ्याची मांडामांड करण्यात त्यांच्या आयुष्यातील कित्येक वर्षे गेली होती. वि. का. राजवाडे गावोगाव पायपीट करून दफ्तरे धुंडाळीत आणि १८९८ साली त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, हे रावसाहेब दर चार वाक्यांआड सांगत, आणि पाचव्या वाक्यात स्वतःविषयी बोलत. या सर्व श्रमाचे फलित, म्हणजे वर्डमध्ये टंकलेला मजकूर आणि स्कॅन केलेली पूर्वजांची छायाचित्रे, एका पेनड्राइव्हवर होते. संगणकाच्या पोटात ते ठेवण्यास त्यांचा तत्त्वतः विरोध होता, कारण संगणकाला घरातील कोणीही हात लावतो. पेनड्राइव्ह कसा, स्वतंत्र असतो, खिशात ठेवता येतो. त्याला त्यांनी दफ्तराला बांधतात तशी लाल फीतही बांधली होती. दुसरी प्रत करून ठेवावी हे त्यांना अनेकांनी सुचवले असता, अनधिकृत नकला सुटल्याने वाद उपस्थित होतात, हा नोकरीतील अनुभव ते पुढे करीत.

दिवाळीच्या सुटीत नातू आला. चिरंजीव हुशार, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला, आणि त्याला दक्षिणेतील एक गाजलेला चित्रपट दिवाणखान्यातल्या टीव्हीवर पाहायचा होता. पेनड्राइव्ह हवा होता. लाल फीत बांधलेला एक कपाटात दिसला. त्यात जागा अपुरी होती. फाइलींची नावे पाहता 'वंशावळ_अंतिम', 'वंशावळ_अंतिम_खरी', 'वंशावळ_अंतिम_खरी_दुरुस्त' असा प्रकार आढळल्यामुळे, ज्या मजकुराला इतक्या वेळा अंतिम म्हणावे लागते त्याचा अंत करण्यास हरकत नसावी असा तर्क त्याने केला, आणि सर्व जागा मोकळी करून चित्रपट चढवला. पेनड्राइव्हवरून काढलेली फाइल रीसायकल बिन नामक टोपलीत जात नाही, ती परस्पर निकालात निघते, ही बाब घरात कोणाला ठाऊक नव्हती. चित्रपट चांगला निघाला. सर्वांनी मिळून पाहिला. रावसाहेबांनी स्वतः मध्यंतरात नायकाच्या मारामारीची तारीफ केली; त्या वेळी त्यांच्या घराण्याच्या तिसऱ्या आणि चौथ्या पिढीच्या उरावरच ती मारामारी चालली होती हे त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी कळले.

त्यानंतर त्या घरात जी परिषद भरली तिचा वृत्तांत कुलवृत्तांताहून मोठा होईल. पहिल्याने सूनबाईंनी रीसायकल बिन उघडून पाहिले. त्यात त्यांनाच नकोशी झालेली भिशीची यादी मिळाली. पहिल्या मजल्यावरील गृहस्थांनी यंत्र बंद करून पुन्हा चालू करावे असे सुचवले. हे गृहस्थ प्रत्येक यंत्राला, आणि एकदा आमच्या माहितीतल्या एका वैद्यालाही, हाच उपचार सांगून चुकले होते. समोरच्या इमारतीतून आलेल्या एका तज्ज्ञाने फाइली परत आणणारे एक मोफत सॉफ्टवेअर उतरवून घेतले आणि ते, जागा भरपूर आहे म्हणून, त्याच पेनड्राइव्हवर बसवण्याची तयारी चालवली. म्हणजे हरवलेल्या शेतावर शोधपथकाचा तंबू ठोकण्याचा बेत. चौथ्याने 'फॉर्मॅट मारा' म्हटले. साधे जलद फॉर्मॅट म्हणजेही बहुधा नोंदवहीच नवी करणे असते आणि मजकूर तळाशी राहतो हे खरे, पण व्हिस्टापासूनच्या विंडोजमध्ये सविस्तर फॉर्मॅट निवडले तर सगळ्या गटांवर शून्ये लिहिली जातात, आणि हा सद्गृहस्थ प्रत्येक गोष्ट सविस्तर करणारा होता.

याखेरीज एका अनुभवी बाईंनी शीतकपाटाचा तोडगा सांगितला. जुन्या हार्ड डिस्कचा फिरता भाग अडकून बसला असता ती पिशवीत गुंडाळून बर्फाच्या खणात ठेवावी आणि बाहेर काढताच घाईने माहिती उतरवून घ्यावी, हा प्रघात एके काळी बराच प्रचलित होता, आणि कोणाकोणाला तो लागूही पडला म्हणतात. परंतु तबकडीपासून अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवर तरंगणाऱ्या वाचकशीर्षाशेजारी दवाचा थेंब साचला असता काय होईल याची कल्पना करावी. पेनड्राइव्हमध्ये तर फिरणारा भागच नसतो. तरीही तो आमरसाच्या डब्याशेजारी ठेवण्यावर बहुमत होऊ लागले होते.

नातवाने या गदारोळात आपल्या बचावार्थ एक परदेशी दाखला दिला. 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाचे काम चालू असता, १९९८ साली, पिक्सार कंपनीत कोणाकडून तरी एक आज्ञा चुकीच्या ठिकाणी दिली गेली आणि चित्रपटाचा बहुतेक भाग पुसला गेला. राखीव प्रती पाहाव्यात तर त्याही धड निघाल्या नाहीत. शेवटी गेलिन ससमन या तांत्रिक पर्यवेक्षिका, बाळंतपणानंतर घरून काम करता यावे म्हणून, चित्रपटाची प्रत घरच्या संगणकावर ठेवीत असत हे लक्षात आले, आणि तो संगणक पांघरुणात गुंडाळून मोटारीतून कचेरीत आणला गेला. एवढे करून पुढे कथाच पसंत न पडल्यामुळे चित्रपटाचा बराचसा भाग नव्याने करावा लागला, ही त्यातली खरी गंमत. "म्हणजे, आजोबा, मोठमोठ्या कंपन्यांत पण असं होतं," असा समारोप त्याने केला. रावसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "त्या बाईंनी दफ्तर घरी नेलं होतं. आमच्याकडे निलंबित झाल्या असत्या." राखीव प्रतींचे महत्त्व जगाला कळावे म्हणून २०११पासून ३१ मार्च हा दिवस पाळला जातो, असेही त्याने पुढे सांगून पाहिले. "एकतीस मार्च?" रावसाहेब उसळले. "मार्चअखेरीला या देशात माणसाला पाणी प्यायला फुरसत नसते, आणि तुम्ही नकला काढता?"

या सर्व ज्ञानी मंडळींत बिनचूक उपाय एकाच व्यक्तीने केला, आणि तोही संगणकाचा गंधही नसताना. वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, त्यांनी तो पेनड्राइव्ह ओढून काढला, लाल फितीसकट आपल्या कपाटात ठेवून कुलूप लावले, आणि "अहो, पानं वाढली आहेत, आधी जेवून घ्या; काय ते नंतर बघा," असे बजावले. लेखन बंद, जोडणी बंद, विजेचा संबंध बंद! नॉर्टनसाहेबांना मठात हेच शिकायला काही वर्षे काढावी लागली.

दुसऱ्या दिवशी मी आणि रावसाहेब बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेलो. पुण्यात ज्यांना विजेच्या उपकरणाचा एखादा दुर्मिळ अवयव हवा असतो त्यांची ही काशी. खांद्याला खांदा लावून उभ्या दुकानांतून तारांची भेंडोळी, डबे, पंखे आणि लखलखणारे दिवे लोंबत असतात, आणि पादचारी आपला देह तिरका करून वाट काढतो. आमच्या दुकानदाराचे वय नातवाएवढेच असावे. त्याने पेनड्राइव्ह हातात घेतला, फीत पाहिली, आणि विचारले, "काका, यावर नंतर काही लिहिलंत का?" चित्रपटाची हकिगत ऐकून त्याने मान हलवली. मग त्याने मूळ पेनड्राइव्हवरून अक्षरशः पहिल्या गटापासून शेवटच्या गटापर्यंत सगळी जागा, भरलेली आणि रिकामी असा भेद न करता, जशीच्या तशी आपल्या तबकडीवर उतरवली आणि मूळ वस्तू बाजूला ठेवून त्या नकलेवर काम सुरू केले. रावसाहेबांच्या चेहऱ्यावर प्रथमच आदर दिसला. अस्सलाला हात न लावता खऱ्या नकलेवर चौकशी चालवणारा माणूस त्यांना सेवेत असतानाही क्वचित भेटला होता.

आमच्या शेजारी एक विद्यार्थिनी लॅपटॉप घेऊन उभी होती. तिचा प्रबंध गेला होता. दुकानदाराने यंत्रात एसएसडी आहे एवढे ऐकूनच खेदाने हात जोडले. तिथला कारभार नव्या राजवटीचा. अशा स्मृतीत लिहिलेल्या जागेवर सरळ दुसरे लिहिता येत नाही, आधी संपूर्ण खंडच पुसून कोरा करावा लागतो. ही जात १९८०च्या दशकात तोशिबातील फुजिओ मासुओका यांनी जगापुढे आणली. मग ऐन वेळी खोळंबा नको म्हणून विंडोज ७पासून अशी व्यवस्था आहे की फाइल रद्द होताच प्रणाली तबकडीला 'ट्रिम' नावाचा हुकूम धाडते, आणि ती सवडीने तिथले सगळे पुसून घेते. जुना कारकून आळशी होता म्हणून माणसे वाचली. हा नवा कार्यक्षम आहे.

तास-दीड तास गेला. दुकानदाराने यादीतील नावांची चौकशी केली, पण वर चित्रपट बसल्यामुळे ती फारशी उपयोगी पडेना, तेव्हा त्याने क्रिस्तोफ ग्रेनिए या फ्रेंच गृहस्थाने लिहिलेला फोटोरेक नावाचा प्रोग्रॅम लावला. हा प्रोग्रॅम नोंदवही उघडतच नाही. तो शिवारात उतरतो आणि एकेक गट पायाखाली घालून, इथे कशाचे पीक होते ते मातीवरून ओळखतो. छायाचित्र असेल तर त्याचा आरंभ 'एफ-एफ, डी-आठ' अशा ठरीव खुणेने होतो; पीडीएफ आपले नावच कपाळावर मिरवते; आणि वर्डचा मजकूर म्हणजे आतून झिप पद्धतीचे गाठोडे असल्यामुळे त्याच्या अगदी सुरुवातीला 'पी' आणि 'के' ही दोन अक्षरे असतात. ती फिलिप कॅट्झ या अमेरिकन गृहस्थाची आद्याक्षरे. झिपचे गाठोडे बांधण्याची रीत १९८९ साली त्याने काढली. रावसाहेबांना हे सांगितल्यावर ते बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. ज्या ग्रंथात मूळ पुरुषाच्या आधी गणपतीखेरीज कोणाचे नाव येऊ द्यायचे नाही असा त्यांचा निर्धार होता, त्या ग्रंथाच्या प्रत्येक प्रतीच्या मस्तकी, पहिल्या दिवसापासून, परगोत्री आणि परधर्मी फिलिप विराजमान होता.

"निघेल, काका," दुकानदार म्हणाला. "नावं नाही निघणार."

आणि तसेच झाले. छायाचित्रे निघाली, ती शेकड्यांनी. पण नोंदवहीला बगल दिल्यामुळे कोणाचेही नाव शिल्लक राहिले नव्हते, सगळ्यांना एफ अक्षर आणि पुढे लांबलचक आकडा. थोरल्या पातीतले इनामदार, मधल्या पातीतले वेदमूर्ती, पगडीवाले, पागोटेवाले, टोपीवाले, आणि मिशा तर सर्वांनाच. त्यांच्यामधून कोण कोणाचा पणजा हे सांगणारी शेवटची व्यक्ती, म्हणजे रावसाहेबांची आत्या, काही वर्षांपूर्वीच कालवश झाली होती. सोबत कोणी न मागितलेले पुष्कळ काही निघाले. मोलकरणीच्या पगाराचा हिशेब, कन्येच्या लग्नासाठी केलेला आणि उंची एक इंचाने वाढवलेला परिचयपत्राचा मसुदा, सोसायटीच्या चिटणीसाविरुद्ध लिहून कधीच न पाठवलेला अर्ज, हे सारे एखाद्या जत्रेत सोडल्यासारखे पडद्यावरून मिरवू लागले तेव्हा त्या चिटणिसाच्या नात्याने मीही बाजूला तोंड वळवले. अमेरिकेतील गारफिंकेल आणि शेलाट या दोन संशोधकांनी जुन्या बाजारातून १५८ हार्ड डिस्का विकत घेऊन २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यात वाचता आलेल्या १२९पैकी नीट पुसलेल्या अवघ्या १२ भरल्या. माणसाला जे हवे असते ते नेमके चित्रपटाखाली सापडते आणि जे नको असते ते धडधाकट राहते, एवढा बोध त्या दोघांनी शास्त्रीय भाषेत घ्यायचा बाकी ठेवला होता.

खुद्द कुलवृत्तांताच्या बाबतीतही हाच न्याय लागू पडला. 'अंतिम_खरी_दुरुस्त' ही प्रत मध्येच तुटलेली निघाली. सातव्या पानानंतर तिच्यात घराण्याऐवजी निरर्थक चिन्हांची रास होती. परंतु वर्ड हा लेखक असा आहे, की दर वेळी मजकूर जतन करताना तो आधी नवी प्रत लिहितो आणि मग जुनीचे नाव कमी करतो. त्यामुळे रावसाहेबांनी वर्षानुवर्षे केलेल्या दुरुस्त्यांचे अवशेष थरांवर थर पडून होते, आणि त्यांतली एक प्रत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत निर्वेध उघडली. रावसाहेबांनी अधीरतेने पाने खाली सरकवली, आणि एका ठिकाणी त्यांचा हात थबकला. त्या प्रतीत धाकटी पाती होती. गावच्या हापूसच्या कलमांवरून त्या पातीशी दिवाणी दावा उभा राहिल्यानंतर रावसाहेबांनी तिचा साडेतीनशे माणसांचा विस्तार, जावई आणि नातवंडांसह, एका रात्रीत कळ दाबून कुलवृत्तांतातून काढून टाकला होता. आता तो पुरता शाबूत होऊन, प्रत्येकाच्या जन्मतिथीसह, समोर उभा राहिला. चुकून पुसलेले मोडके निघाले होते आणि जाणूनबुजून पुसलेले अक्षरशः अभंग.

"हे एवढं काढून देता येईल का?" त्यांनी विचारले.

"काढायला कशाला, काका? तुम्हीच काढा की," दुकानदार म्हणाला. "पण काढून निघत नाही, हे आत्ताच बघितलंत ना?"

पुन्हा सगळे टंकण्याची उमेद रावसाहेबांत उरली नव्हती, छापखान्याला आगाऊ रक्कम दिलेली होती, आणि हाती एकच संपूर्ण प्रत होती. तेव्हा धाकट्या पातीसकट ग्रंथ छापून निघाला. प्रस्तावनेत रावसाहेबांनी, 'प्रदीर्घ संशोधनाअंती व सर्व पुरावे नव्याने तपासता, घराण्याच्या धाकट्या शाखेचाही येथे साकल्याने अंतर्भाव करण्यात आला आहे,' असे वाक्य घातले असून तपकीर गल्लीचा उल्लेख 'अन्य साधने' या सदरात केला आहे. छायाचित्रांना नावे देण्यासाठी त्यांनी कपाळ, नाक आणि मिशांची ठेवण हे निकष लावले.

ग्रंथ पोचल्यावर धाकट्या पातीच्या वडील माणसाचे पत्र आले. दाव्याच्या कागदांव्यतिरिक्त त्यांच्याकडून आलेले कित्येक वर्षांतले हे पहिलेच. त्यात आभार नव्हते. आपल्या पणजोबांच्या नावाखाली जे छायाचित्र छापले आहे ते आपल्या पणजोबांचे नसून, ज्यांच्याविरुद्ध कलमांचा मूळ तंटा सुरू झाला त्या थोरल्या पातीतील गृहस्थांचे आहे, आणि ही गोष्ट न्यायालयाच्या निदर्शनास आणण्यात येईल, असे त्यात कळवले होते. रावसाहेबांनी उलट टपाली पोस्टकार्ड धाडले : 'आपला तक्रारअर्ज मिळाला. दुसऱ्या आवृत्तीचे वेळी योग्य तो फेरफार घेण्यात येईल. तत्पूर्वी अस्सल पुराव्यासह आपले म्हणणे पंधरा दिवसांचे आत सादर करावे.' चौदाव्या दिवशी पुरावा आला. पणजोबांचे खरे छायाचित्र त्यांनी एका पेनड्राइव्हवर घालून पाठवले आहे, आणि कामकाज संपताच सदर पेनड्राइव्ह आहे त्या स्थितीत, त्यावर कोणताही चित्रपट न चढवता परत मिळावा, अशी पोचपावतीच्या टपालाने मागणी केली आहे.